खोटा गंज

चाळीस वर्षं मी गंज मारत आलो.
पत्रा घासायचा, उघडा पांढरा पडेपर्यंत,
मग पुटिंग, मग प्रायमर, मग पुन्हा वॉटरपेपर,
आणि गाडीवाला बॉनेटात बघून
खिशातला कंगवा काढत नाही तोवर
दस्तगीर पेंटरनं मजुरी मागायची नाही.

आता टेबलावर वीतभर रणगाडा,
एकास पस्तीस,
आणि मी दोन केसांच्या ब्रशनं
त्याला गंज लावतोय.

नेजदार डॉक्टरांच्या ऋतुराजचा हा.
"काका, तुमचा हात बसलाय, नुसता बेस मारून द्या,"
म्हणाला, आणि लातूरला क्लासला गेला.
सोबत एक जहाजही ठेवून गेला, खोक्यात.
दोन दिवाळ्या झाल्या.

पहिल्यांदा सवयीनं चकाचक केला.
जमीला म्हणाली, "लग्नातल्या गाडीगत केलासा की,
हार तेवढा राहिला."
मग शिकलो.
तपकिरी थरावर चिमटीनं जाडं ओलं मीठ,
वरनं हिरवा फवारा,
वाळला की मीठ खरवडायचं.
मीठ होतं तिथं तिथं जखम.
(जमीला मिठाची बरणी आता कपाटात ठेवते.)
चाकांना पंचगंगेचा गाळ, चहाच्या गाळणीनं चाळलेला.
धुराड्याच्या तोंडाला शिरोलीच्या फौंड्रीतली काळी भुकटी.

मडगार्ड रंगवायला स्कूटर घेऊन आले
दफेदार आकाराम चौगुले, रिटायर.
टेबलापाशी थांबले. चष्मा शर्टाला पुसला.
न विचारता खुर्ची ओढली.

"पट्ट्याला गंज कशाला लावलायस?
चालत्या पट्ट्याला गंज धरत नाही,
वाळू त्याचे दात घासून पांढरे करते.
गंज उभ्याला चढतो."

मी पुसला.

"इथं रंग उडव. बूट लागायचे. चढायचो इथनं.
आणि ही बाजू एवढी स्वच्छ नको,
किटली टांगलेली असायची इथं. धूर दाखव."
मी बोटानं धूर दाखवला.
"जास्त झाला," म्हणाले. "किटली होती ती. आग नव्हती."
मग बराच वेळ गप्प.

कुठलं साल, कुठली वाळू, मी विचारलं नाही.
स्कूटर न्यायला ते पाच वेळा आले.
स्कूटर दुसऱ्या दिवशीच तयार होती.

जहाजाला मात्र हात लावायला धजत नव्हतो.
समुद्र मी एकदाच बघितलाय, रत्नागिरीला,
तोही दुपारचा, डोळ्यावर झोप असलेला.
खाली लाल, वर राखाडी, मधे काळा पट्टा,
इतकं खोक्यावर छापलंय.
पण पाणी जिथं रोज टेकतं तिथं काय ठेवून जातं,
ते छापलेलं नाही.

मग शेडची मागची भिंत बघितली.
महापुरात शाहूपुरीत शिरलेलं पाणी
माझ्या छातीएवढं तिथं उभं होतं,
अकरा गाड्या पोटात घेऊन,
त्यातल्या चारांचा शेवटचा हात तेवढा राहिला होता.
एकच रेघ नाही ती.
उतरताना पाणी जागोजागी थांबलं होतं, दमल्यासारखं:
वर डिझेलची काळी कड,
खाली चहाच्या कपातल्यासारखे तपकिरी वळे,
सगळ्यांत खाली शेवाळी.
मालक म्हणतो चुना मार.
मी आज मारतो, उद्या मारतो.

आता जहाज भिंतीला लावून धरतो
आणि रंग कालवतो.
काळ्यात थोडा हिरवा. नाही, अजून थोडा.
टर्पेन्टाइनमध्ये बुडवलेला ब्रश वरून खाली,
नुसता ओझरता.

बाहेर कुणीतरी हॉर्न देतंय.
स्विफ्ट. उजवा दरवाजा, खालची कड,
खरा गंज, बोट घातलं तर आरपार जाईल असा.
"दस्तगीरभाई, आहे का कोण?"

थांब म्हणावं जरा.
नांगराच्या भोकाखालून एक थेंब सुटलाय,
तो कुठवर येतोय बघू दे.