दोन रेघा

राउटर पुढच्या खोलीत, मीटरच्या बोर्डाखाली,
वनजा वर, पत्र्याच्या खोलीत.
मधे काय काय आहे ते मी एका दुपारी मोजलं:
दगडी भिंत, दीड हात जाड.
सुताच्या गोण्या.
बंद पडलेला माग.
आणि काका.

केबल ओढायची तर काकांच्या भिंतीतून.
ड्रिलचं नाव काढलं तरी
वाटणीचा दिवस उठून बसतो:
चार माग तुमचे, तीन आमचे,
आणि मोराच्या चादरीचे ते भोकं पाडलेले पुठ्ठे,
जे शेवटी कुणाकडेच सापडले नाहीत.
आप्पा म्हणाले, "तार नको."
काका काहीच म्हणाले नाहीत.
भिंतीपलीकडे खोकले. तो नकार.

वनजाची नोकरी रात्रीची.
साता समुद्रापलीकडचे डॉक्टर
तिच्या कानात बोलतात, ती टाइप करते.
पत्रा रात्री अकरालाही
तव्यासारखा चटका देतो.
एक रेघ. कधी तीही नाही.
डॉक्टर मूत्रपिंडापर्यंत येतो
आणि तिथंच गोल फिरत राहतो.

अशोक चौकातून आणला एक पांढरा डबा,
साबणाच्या वडीएवढा, साडेसोळाशेचा.
तिच्या उशाशी लावला. काही नाही.
दुकानातला इरफान फोनवर हसला:
"आवाज मेलाय तिथं लावून काय उपयोग, भाऊ?
त्याला स्वतःला ऐकू यायला पाहिजे ना आधी.
अर्ध्या वाटेवर लावा.
निदान दोन रेघा असतील अशा जागी."

मग फोन पुढे धरून हिंडलो
पाणाड्यासारखा.
जिन्यात एक. न्हाणीपाशी तीही विझत आलेली.
मागाच्या खोलीत दोन, पण तिथली लाइट कधीच तोडलीय.
बोळात, काकूच्या स्वैपाकघराच्या खिडकीला टेकलो,
तर तीन.

आत शेंगा कुटण्याचा आवाज थांबला.
"काय हुडकतोस रे?"
वाटणीनंतर तिनं मला विचारलेला पहिला प्रश्न.
सांगितलं. एक प्लग पाहिजे म्हणालो.
"किती खाईल?"
"महिन्याला दोन-तीन युनिट."
तिनं काही न बोलता मिक्सरची पिन उपसली.
"तो तसाही बिघडलाय."

डबा तिथं आहे, मिठाच्या बरणीमागे.
चटणीची लाल भुकटी त्याच्या फटीत बसते.
हळू चालतो. इरफाननं सांगितलंच होतं,
हा आधी ऐकून घेतो, मग बोलतो,
म्हणून वेग निम्मा.
आप्पांना हे लगेच पटलं.
सात मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले.
त्यांना काही सांगायचं तर मधल्या मागावर
कुणीतरी लागायचं, ओठ मोठे हलवून
तेच पुन्हा बोलणारं.
ते काका असायचे.
हे आप्पा म्हणाले नाहीत. मी म्हणतोय.

तिसऱ्या रात्री साडेदहाला सगळं गेलं.
काकांची सवय: झोपण्याआधी
घरातलं प्रत्येक बटण खाली.
वनजा जिन्यात उभी, हेडफोन गळ्यात,
वर एका परक्या माणसाचं फुप्फुस अर्धवट टाइप झालेलं,
आणि खाली कुणाला हाक मारावी ते कळेना.
मी भिंतीवर दोनदा थापटलं.
बराच वेळ काही नाही.
मग चपला. मग खोकला
(हा कुठला, ते अजून ठरत नाही)
आणि खिडकीत हिरवा ठिपका.

सकाळी पाहिलं तर बटणावर चिकटपट्टी,
तिच्यावर बॉलपेननं
मराठी अक्षरांत आमची तेलुगू,
सुताच्या वहीत असायची तशी उजवीकडे कललेली:
बंद चेय्यकु.
बंद करू नकोस.

कुणासाठी लिहिलंय कोण जाणे.
त्या घरात बटणं बंद करणारे
काका एकटेच आहेत.