पुढचं चाक

होटगी रोडच्या गतिरोधकावर
तिसऱ्यांदा सुटलं.
नट आवळून आवळून
तळहातावर पान्याचा वळ.

साखर पेठेत मल्लेशम येमूल,
पूर्वीचा मागावरचा जॉबर.
चाक फिरवून त्यानं आधी कान लावला,
मग फोर्कच्या खाचेत नख.
"रंग कधी दिलास बे?"
दिवाळीला. निळा. दोन हात.
"मग रंगावरच आवळतोयस की!
रंग दबतो, नट सैल."

कानशीखाली निळा भुगा पडला
त्याच्या चपलांवर.
आत करडं लोखंड,
त्यावर दातेरी वायसर. कर्र.
"पैसे?"
"हवा भर अन् जा."

पुन्हा तोच गतिरोधक.
चाक जागच्या जागी.
मुठी मात्र
घर येईपर्यंत
हँडल आवळत राहिल्या.