गाळ

गेल्या हिवाळ्यात मी मोजायला लागले,
रात्री जिना किती वेळा करकरतो ते.
पाच. कधी सहा. एकदा आठ,
त्या रात्री बर्फ पडत होता आणि हार्म
न्हाणीघरात दिवा न लावता उभा.
थेंबे थेंबे,
आणि तळं काही रिकामं होईना.

तीस वर्षं एल्बच्या मुखातून जहाजं आणली त्याने.
चारशे मीटरचं धूड, परमुलखाचा कप्तान,
शेजारी हार्म : "पाच अंश डावीकडे."
वाळू कुठे सरकते, गाळ कुठे बसतो,
सगळं तोंडपाठ.
स्वतःचं मात्र माझ्यापाशीसुद्धा बोलला नाही.
कळलं ते थर्मासमुळे.
सहा तासांची पाळी, आणि कॉफी
जशी दिली तशी परत.

डॉक्टर सेझगिन म्हणाल्या, कर्करोग नाही.
प्रोस्टेट वाढलीय. अक्रोडाएवढी हवी,
संत्र्याएवढी झालीय.
"कुठलं संत्रं?" हार्म म्हणाला. "स्पेनचं?"
कुणी हसलं नाही.

मग पडद्यावर करड्या रंगाचा नकाशा.
त्यांनी बोटाने रेघ ओढली : इथून इथवर कापायचं,
इथे हात लावायचा नाही.
रेघ माझी, हात यंत्राचा.
हार्मने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"कापतं कशाने?"
"पाण्याने. धारेने."
"उकळत्या?"
"छे. साधं मिठाचं पाणी."
कित्येक महिन्यांनी तो मोकळा हसला.
"म्हणजे गाळ उपसणारी बोट!"

एक प्रश्न त्याने मला बाहेर पाठवून विचारला.
दार उघडलं तेव्हा कान लाल.
मी काही बोलले नाही.
एकेचाळीस वर्षांत तेवढं कळतं.

प्रत्यक्ष कापायला सात मिनिटं लागली म्हणे.
ब्रुन्सब्युटेलच्या जलद्वारात शिरायला
जहाजाला याहून जास्त लागतात.
मी तेवढ्यात एक लोकरी मोजा उसवला,
विणायचा होता खरं तर.

मग खाटेला टांगलेली पिशवी.
लाल, गुलाबी, फिकट चहा.
भरती-ओहोटीच्या वहीत
तो वेळेसकट लिहीत राहिला.
नळी काढली तेव्हा परिचारिकेला म्हणाला,
"जरा बाहेर थांबा," आणि आतून
इतका वेळ आवाज येत राहिला
की ती आणि मी, दोघी
खिडकीबाहेर बघत बसलो.

आता रात्री तीनला मीच जागी होते.
जिना गप्प. मग मला झोप लागत नाही.

"गाळ परत येतो," हार्म म्हणतो.
"नदी काय एकदा उपसून भागत नाही."
डॉक्टर म्हणाल्या, येईल तेव्हा बघू.
तो बूट चढवतो, थर्मास हलवून बघतो,
आणि मला म्हणतो,
"अर्धाच का भरलास?"