तिसरा तास गणिताचा होता

तिसरा तास गणिताचा होता, अपूर्णांकांचा.
तो गेला म्हणून मी थोडा नाराजच होतो.
वरून पत्र आलेलं: विद्यार्थ्यांस अभिजात
व जागतिक संगीताचा प्रत्यक्ष परिचय,
बाक भिंतीला लावून ठेवणे.
रिवणच्या आमच्या शाळेत
बाक लावणंही माझ्याच वाट्याला येतं.

गाडी सव्वा तास उशिरा. पुढे खाणीचे ट्रक.
उतरल्या सुनीती घाणेकर, तंबोरा कडेवर घेतल्यासारखा,
आणि मडगावचा बेन्तो कुलासो,
पाठीवर माणसाएवढी काळी पेटी.
चौथीतल्या रेश्मानं विचारलं, आत कोण आहे?
तो म्हणाला, चेलो.
तिला ते माणसाचं नाव वाटलं
आणि दिवसभर ती त्यालाच चेलोबाब म्हणत राहिली.

बाईंनी सा लावला.
मुलं हसली.
आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून.
मी डोळे वटारले. बाईंनी नाही;
त्या हसण्याचंच शेपूट धरून
वर गेल्या, गंधारापर्यंत असेल,
मला काय कळतंय,
आणि मध्येच थांबून विचारलं:
सकाळी पहिला आवाज कशाचा येतो रे तुमच्या घरी?

आईचा. कोंबड्याचा. विहिरीवरच्या पंपाचा.
बाबांच्या खोकल्याचा (एकटाच म्हणाला, हळू).
मग त्रेचाळीस गळ्यांतून एकदम
पोदेराचा भोंपू,
पों-पों, पों-पों,
सायकल, टोपली, गरम उंडे, सगळं त्यात.

कुलासोनं गजाला राळ लावली
आणि तारांवर पोदेर आणला.
वळणावरून. चढावर दमलेला.
आमच्या दारात जरा थांबून
पुढच्या वाड्याकडे लहान लहान होत गेलेला.
तिथून तो कुठे गेला कळलं नाही.
कुठल्याशा थंड मुलखात, जिथे पाव वेगळे असतील,
जिथे कुणी वारलं असेल, किंवा नुसतं बर्फ.
मुलं बर्फाकडे बघत होती.
बाईंनी त्यावर आलाप ठेवला,
ओल्या जमिनीवर कुणी पाट ठेवावा तसा.

चंद्रू वेळीप वर्गात बोलत नाही.
हजेरीला बोट वर करतो, तेवढंच.
तो उठला. मला विचारलं नाही.
चेलोच्या पाठीला आधी तळहात लावला,
मग कान, मग गाल.
त्याच्या घरी घुमट आहे. शिगम्याला आजा वाजवतो.
एका तोंडाला कातडं,
दुसऱ्या तोंडावर डावा हात
उघडतो, मिटतो, उघडतो.
गज थांबला तेव्हा चंद्रू म्हणाला,
"हाचें पोट रितें आसा. म्हणून."
म्हणून काय, ते सांगितलं नाही.
कुलासोनं मान हलवली; दोघांना तेवढं पुरलं.
मी अठरा वर्षं ही पोटं भरत आलोय,
पाढ्यांनी, पावपट-पाऊणपटीनं,
भरलं की नाही ते टकटक वाजवून बघत.

निघताना अहवालाचा कागद.
लाभार्थी: त्रेचाळीस. हे सोपं होतं.
फलनिष्पत्ती: समाधानकारक, असं लिहिलं,
मग 'समाधान' एवढंच खोडलं
आणि उरलेलं वाचून मलाच हसू आलं.

साडेबाराला रुझारनं रुळाचा तुकडा बडवला.
एरवी पहिल्या ठोक्याला वर्ग रिकामा.
आज टोल हवेत, आणि मुलं उभीच,
दप्तरं एका खांद्यावर, माना तिरक्या,
लोखंड विझण्याची वाट बघत.
त्याला इतका वेळ लागतो
हे मी कधी मोजलं नव्हतं.
रुझार बाहेरून ओरडला,
"कितें रे, आज घरा वचपाचें ना?"
रेश्मानं बोट ओठांवर ठेवलं.
"राव," ती म्हणाली, "आजून आसा."