जो आधी सोडतो

चिकलठाण्याच्या शेडमध्ये
बारा स्विच एकावर एक रचलेत,
प्रत्येकाच्या वाट्याला हजार व्होल्ट,
आणि खाली स्टीलच्या नळीतून वाहतोय
जालन्याच्या मोसंबीचा रस.

रस तापवायचा नाही. नुसते झटके द्यायचे,
जंतू मरावेत, चव राहावी.
पण रसात कधीतरी येतो एक बुडबुडा.
बुडबुड्यात ठिणगी,
आणि ठिणगीकडे सगळा करंट
दावं तुटल्यासारखा.

तेव्हा स्विचनं हात सोडायचा असतो.
दहा मायक्रोसेकंदांत तो जळतो.
त्यातल्या पहिल्या दीडमध्ये बघायचंच नाही,
कारण चालू होताना जो तो जरा उसळतोच,
त्याला दोष म्हणायचं नसतं.
उरले साडेआठ.
त्यातही हिसका देऊन सोडलं तर तारेतला करंट
डूख धरतो, व्होल्टेज होऊन अंगावर येतो.
म्हणून हळू सोडायचं. पण वेळेत.
हे मी मालकांना तीनदा सांगितलं.
ते म्हणाले, "मॅडम, फ्यूज टाका ना बरं एखादा."
फ्यूज वितळेपर्यंत इथं
बाराव्याचं जेवण उरकलेलं असतं.

सात नंबर मरायचा. दर खेपेला सातच.
मी चार बदलले. आवाजही मोठा नाही,
भुईमुगाची शेंग फोडावी एवढाच.
रात्री स्कोपवर रेघा लावून पाहिल्या:
अकरा एकीवर एक, आणि सातवी
ऐंशी नॅनोसेकंद पुढं.

उशीर नव्हे. घाई.
तो आधी सोडतो,
बाकीचे अजून मिटलेले, वाट देत उभे,
आणि बारा हजारच्या बारा हजार
त्याच्या एकट्याच्या डोक्यावर.

मुजीबचाचा मागं येऊन थांबले होते.
"हे आपल्याला मालूम हाय," म्हणाले.
वाळूजच्या गेटात बारा जणांचं ठरलं होतं,
दोनच्या ठोक्याला हत्यारं खाली.
चाचांचं घड्याळ पुढं होतं.
"किती?"
"पाच मिन्टं. सायबाला तेवढी बास झाली."
मग ते सोल्डरिंगचं टोक
ओल्या स्पंजावर पुसत राहिले,
स्वच्छ झालं होतं तरी.

सातव्या कार्डावर गेटचा रेझिस्टर
दहाच्या जागी सहा ओहमचा निघाला.
कुणी लावला? मीच.
त्या दिवशी लाईट जाऊन-येऊन होती.

आज अडीच वाजता सिरिंजनं
मुद्दाम बुडबुडा सोडला.
काचेत जांभळं काही चमकलं, लाल दिवा लागला.
चाचांनी मीटर लावत एक ते बारा मोजले,
मग बारा ते एक.
सगळे जिवंत.

काहीच न झाल्याचं ते चित्र,
चार मायक्रोसेकंदांचं,
मी स्कोपमध्ये साठवून ठेवते.
बादलीत रस फेसाळतोय, तो कुणी पीत नाही.
चाचा मनगटावरचं घड्याळ काढतात,
टेबलावर माझ्याकडं सरकवतात,
"बघ की जरा ह्यात लावून,
अजून किती पुढं हाय."