पाच तोळ्यांत दोन ग्रॅम कमी

खेळ दोन एमबीत बसवायचा होता.
लेंगऱ्याच्या शाळेत लॅपटॉप तीन,
त्यातल्या एकाचा स्पेसबार निघालाय,
तिथं काडेपेटीचा तुकडा चिकटवलेला.
नेट येतं ते चिंचेकडच्या खिडकीपाशी, वीज असली तर.
म्हणून आवाज नाही, झगमग नाही.
काळा पडदा, आणि त्यावर मी काढलेली दुर्बीण,
नव्या लुगड्यासारखी, घडी न मोडलेली.

पहिली पातळी तीच : घडी मोड.
पाच पदरांची सावली, एकेक पदर ताणून बसव.
एक जरी अडकला
तरी पंधरा लाख किलोमीटरवर जाऊन
सोडवणारं कुणी नाही.
हे पोरांना समजवावं लागलं नाही.
सावली म्हणजे काय,
ते या माळावर शिकवत नाहीत.

दुसऱ्या पातळीला रंग हवा होता.
सहा कोनांचे अठरा आरसे, आणि रंगाचं नावही सहा अक्षरी.
मी टाकला एक पिवळा.
मागं दादा उभे.
बत्तीस वर्षं कोइमतूरच्या गल्लीत गलाई,
भट्टीनं उजवी भुवई कायमची नेलेली.
"ह्यो पितळंचा झाला. जरा लाली घाल."
घातली.
"आजून."
रात्री साडेअकरापर्यंत आम्ही सोनं कसाला लावत होतो,
दगड नाही, आम्ल नाही,
नुसते आकडे बदलत.

"किती हाय म्हणं सोनं, खऱ्या दुर्बिणीत?"
मी वाचून दाखवलं.
त्यांनी बोटांवर हिशेब केला.
"पाच तोळ्यांत दोन ग्रॅम कमी."
मग बराच वेळ गप्प.
"एवढ्यात आपल्यात धड गंठन हुत न्हाई."

मी सांगितलं, केस उभा हजार ठिकाणी चिरला
तर जो पापुद्रा निघेल, तेवढाच तो थर.
आणि सोनंच का, तर जी ऊब डोळ्याला दिसत नाही
ती त्यावरून नीट परततं,
आणि तिला वाटेतली धूळ अडवत नाही.

"म्हंजी धुळीमागचं दिसतंय?"

दादांनी सोनारांच्या दुकानातला केर विकत घेतला जन्मभर.
झाडू, पायपुसणी, कारागिरांनी हात धुतलेलं पाणी.
जाळायचं, चाळायचं, आटवायचं,
तळाला उरेल ते आपलं.
त्यांनी दुर्बिणीकडं पाहिलं
जसं परगावी गाववाला भेटावा.

शनिवारी सकाळची शाळा.
दादा आले, बॅग धरायला म्हणून.
काडेपेटीच्या लॅपटॉपवर अलिशा मुलाणी, सातवी.
तिसरी पातळी : एकाच ताऱ्याचे अठरा तारे दिसतात,
आरसे तसूतसूनं वळवून एकावर एक आणायचे.
सतरा तिनं झटक्यात आणले
आणि हात काढून घेतला.
"एक राहिला," मी म्हटलं, "गुण मिळणार नाहीत."
"नकोत. न्हाईतर त्यो एकटा पडंल."

यावर माझ्याकडं एकही ओळ लिहिलेली नव्हती.
खेळ थांबून राहिला, पडद्यावर दोन तारे,
आणि मागं माझा आळशी, सपाट काळा.

घरी येऊन तो काळा मी उसवला.
खरा फोटो शोधला,
आरसे पहिल्यांदा जुळले त्या दिवसाचा.
ताऱ्यामागं बारीक डाग आहेत,
प्रत्येक डाग म्हणजे एक आकाशगंगा.
कुणी त्यांना बोलावलं नव्हतं.
नजर जुळली एवढंच.
खेळ आता दोन एमबीत बसेना,
तेव्हा शाबासकीची पाटी काढून टाकली.

पुढच्या शनिवारी नेट नव्हतं, पेनड्राइव्हवर नेला.
अलिशानं अठरावा आणला,
दात ओठावर रोवून.
मग बोलली नाही.
पडद्यावर बोट टेकवून मोजत गेली,
सत्तावीस, अठ्ठावीस,
चुकली, पुन्हा पहिल्यापासून.

घंटा झाली. काचेवर तिच्या बोटांचे ठसे.
दादांनी रुमालानं ते पुसले हळूच,
आणि सवयीनं
रुमाल झटकला नाही.
चार घड्या घालून खिशात ठेवला.