दोन मिलिमीटर आत

अक्कलकोट रोडला, घरामागच्या पत्र्याखाली
ट्रक चार दिवस उभा.
गिअरबॉक्स उतरवून ठेवलाय
विटलेल्या चादरीवर. तिच्यातला मोर
गळ्यापर्यंत तेल प्यालेला.

फ्लायव्हील काढलं. जुनं सील
उचकटून हातात घेतलं:
कडक भाकरीसारखं, ओठ फाटलेलं.

नवं बसवणार, तर नरसम्मा आत्या म्हणाली, थांब.
तीस वर्षं मागावर तुटका धागा शोधणारं नख
तिनं क्रँकवरून फिरवलं.
"हितं खाच हाय बघ."

रबरानं पोलाद कापलं होतं.
रोज थोडं, गोल गोल.

मग सील त्या जागी नाही,
दोन मिलिमीटर आत ठोकलं.

सकाळी पुठ्ठ्यावर एकच थेंब.
"जुनाच असेल," मी म्हणालो.
तिनं बोटावर घेतला, वास घेतला,
काही बोलली नाही.